विसण मागू नका: टोकियोतल्या एका सेंतोचा रिव्ह्यू

आमच्या वसतिगृहातल्या शॉवरशेजारी भिंतीत एक लोखंडी डबी आहे. तीत 100 येनचं नाणं टाकलं की सात मिनिटं गरम पाणी येतं. सात म्हणजे सातच. शेवटच्या मिनिटाला लाल दिवा लुकलुकतो आणि मग पाणी जे बंद होतं ते थेट. माझे केस कमरेपर्यंत. डोक्यावरून न्हाणं हा आमच्या घरी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. टोकियोतल्या पाचव्या दिवशी मी त्या डबीसमोर उभी होते. डोक्यावर शाम्पूचा फेस, हातात 500 चं एकुलतं एक नाणं, आणि डबीला चालतं फक्त शंभरचं. शेवटी बेसिनच्या गार पाण्याखाली डोकं धुतलं आणि ठरवलं, या गावात आंघोळीची दुसरी काहीतरी सोय बघायची.

ती सोय म्हणजे सेंतो, सार्वजनिक न्हाणीघर. पैसे द्या, कपडे काढा, अनोळखी बायकांबरोबर एका हौदात बसा, घरी जा. चार महिने आठवड्यातून तीन-चारदा जातेय, त्यामुळे हा रिव्ह्यू लिहायचा थोडा हक्क आहे असं समजते.

नाव मुद्दाम देत नाही. बायकांच्या बाजूला एका वेळी पंधरा जणी आल्या तर सोळावीला बसायला नळ मिळत नाही, आणि मालकीणबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. एवढंच सांगते की तोदेन आराकावा ट्रामच्या एका थांब्यापासून चालत चार मिनिटं. या शहरात एके काळी ट्रामचं मोठं जाळं होतं, त्यातली सरकारी म्हणावी अशी ही एकच लाईन उरली. मिनोवाबाशी ते वासेदा, 12.2 किलोमीटर, कुठेही चढा कुठेही उतरा, 170 येन. लोकांच्या परसाला इतकी चिकटून जाते की वाळत घातलेले मोजे मोजता येतात. मी रोज याच ट्रामने कॉलेजला जाते, आणि टोकियो म्हटल्यावर जे उंच काचेचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं ते मला पहिला आठवडाभर दिसलंच नाही. मला दिसले मोजे, कुंड्या आणि सायकलींवरच्या आज्या.

आल्या आल्या शहराबद्दल काय वाटलं ते इथेच सांगून टाकते, कारण आंघोळीशी त्याचा संबंध आहे. मला हे शहर झाकलेलं वाटलं. एकेक केळं प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानात पुस्तक घेतलं तर त्याला कागदी कव्हर घालून देतात, कुणाला नाव दिसू नये म्हणून. तोंडाला मास्क. आगगाडीत डबाभर माणसं आणि आवाज फक्त एसीचा. मी कराडची. कोयना एक्स्प्रेसने पुण्याला पोचेपर्यंत समोरच्या बाईचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी हे तिन्ही विषय पूर्ण होतात. पुण्यात तीन वर्षं घासून मी जपानीची एन-थ्री परीक्षा पास होऊन आले होते, आणि पहिल्या दहा दिवसांत माझ्याशी सर्वांत जास्त कोण बोललं असेल तर सुपरमार्केटातलं बिलाचं मशीन. तेही मी कार्ड चुकीच्या बाजूने घातलं म्हणून.

तर सेंतो.

बाहेरून पाहिलं तेव्हा मी चक्क हात जोडले. गंमत नाही. दारावर वळणदार कमानीचं छप्पर, कौलं, कोरीव लाकूड. कुणालाही देऊळ वाटेल. पुढे कळलं की 1923 च्या भूकंपानंतर शहर पुन्हा उभं राहताना इथे देवळाच्या धाटणीच्या सेंतो बांधायची पद्धत पडली. देवळाला मागे एवढी उंच चिमणी नसते हे मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं. दाराला निळा पडदा आणि त्यावर एकच अक्षर: ‘यु’, म्हणजे गरम पाणी. मला फार आवडलं हे. जपानीत गरम पाण्याला वेगळा शब्द आहे. ‘मिझु’ म्हणजे गार पाणी, ‘यु’ म्हणजे गरम. दोन्हींना पाणीच म्हणणाऱ्या भाषेतून आलेल्या माणसाला इथे निम्मा दिवस चूक होते.

आत गेलं की चपला लाकडी कप्प्यात, किल्ली म्हणजे हातभर नाही पण वीतभर लाकडाची फळी. मग डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, आणि दोन्हींच्या मधोमध उंच चौथऱ्यावर पैसे घ्यायला बसलेली मालकीण. या चौथऱ्याला ‘बानदाई’ म्हणतात. दर 550 येन, तेव्हाच्या हिशेबाने 300 रुपयांच्या थोडं वर. ऑगस्ट 2024 मध्येच 520 चे 550 झाले, म्हणून सगळ्या आज्या महिनाभर तक्रार करत होत्या. हा दर दुकानदार ठरवत नाही. 1946 सालच्या एका किंमत-नियंत्रणाच्या आदेशाखाली टोकियोचं सरकार ठरवतं. म्हणजे शहरातल्या कुठल्याही साध्या सेंतोत जा, मोठ्या माणसाला 550 च. पहिली ते सहावीच्या मुलांना 200, त्याहून लहानांना 100. आपल्याकडे रेशनच्या साखरेचं असायचं तसं इथे आंघोळीचं आहे. कारण घराघरांत न्हाणीघर नसण्याचा काळ इथे फार जुना नाही. 1968 च्या सुमाराला एकट्या टोकियोत अडीच हजारांवर सेंतो होत्या, आता साडेचारशेच्या आत. दहा तिकिटांचं पुस्तक घेतलं तर थोडं स्वस्त पडतं आणि ते शहरात कुठल्याही सेंतोत चालतं. माझ्यासारखीने तेच घ्यावं.

आता कपड्यांचा मुद्दा. सगळ्यांना हेच विचारायचं असतं, तर विचारायच्या आधी सांगते: होय, सगळे. स्विमसूट चालत नाही, टॉवेल गुंडाळून हौदात उतरणं चालत नाही. हातभर पंचा असतो, तो पाण्याला लावायचा नाही. बायका घडी करून डोक्यावर ठेवतात. आमच्या घरात मी सहावीत गेल्यापासून मोरीचं दार आतून लावते आणि बाहेरून आई विचारते, ‘अजून किती वेळ?’ एवढाच माझा आंघोळीतला समाज. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी वीस मिनिटं काढली. तिथे फोन काढायला बंदी, त्यामुळे फोनमध्ये बघितल्याचं नाटकही करता येईना. मग भिंतीवरची एक नोटीस वाचत उभी राहिले. हरवलेल्या मांजराची नोटीस होती. ‘पांढरं, शेपटीचं टोक काळं, हाकेला ओ देत नाही.’ मला ती अजून पाठ आहे. शेवटी एक सत्तरीच्या बाई माझ्या शेजारून हाफ चड्डीसकट सगळं सटासट काढून, वजनकाट्यावर उभ्या राहून, आकडा बघून ‘छे’ म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या पाठीमागून मीही गेले. गंमत म्हणजे आत गेल्यावर कुणीही बघत नाही. सुटं पोट, ऑपरेशनचे व्रण, वाकलेल्या पाठी, सगळं चालू आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या टाचा घासण्यात दंग. टॅटू असला तरी सेंतोत बहुतेक ठिकाणी हरकत नसते. ती भानगड गरम पाण्याच्या झऱ्यांच्या हॉटेलांत आणि जिममध्ये जास्त.

आतली खोली उंच छताची. बुटकं स्टूल घ्यायचं, पिवळी प्लास्टिकची बादली घ्यायची. बादली म्हणजे खरं तर आपलं घमेलंच, लहान. तळाशी लाल अक्षरांत ‘केरोरिन’ लिहिलेलं असतं. ती एका डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात आहे, 1963 पासून चालू. ही बादली टोकियोकडे मोठी आणि ओसाकाकडे लहान मिळते, कारण तिकडचे लोक हौदातून पाणी उपसून अंगावर घेतात आणि मोठी बादली भरली की उचलत नाही. हे मला एका बाईंनी सांगितलं, आणि सांगताना ओसाकाच्या लोकांबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथे नको.

आधी नळाशी बसून स्वच्छ घासून आंघोळ करायची. मगच हौदात. म्हणजे हौद अंग धुवायला नाहीच, नुसतं बसायला. हे कळायला मला वेळ लागला: आंघोळ झाल्यानंतर पाण्यात बसायचं कशाला? मागच्या भिंतीवर छतापर्यंत रंगवलेला फुजी डोंगर. ही चित्रं पहिल्यांदा 1912 मध्ये टोकियोच्या कान्दा भागातल्या एका सेंतोत काढली गेली, आणि आता ती रंगवणारे कलाकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आमच्या फुजीच्या पायथ्याशी एक निळं तळं आहे, आणि तळं जिथे संपतं तिथे बरोबर खरा हौद सुरू होतो. बसलं की आपण त्या तळ्यातच आहोत असं वाटतं. वाटायलाच हवं म्हणून काढलंय ते.

आणि इथे माझा घोटाळा झाला.

पाणी 43 अंश. मी पायाचा अंगठा घातला आणि उडी मारून मागे आले. आमच्याकडे परसात तांब्याचा बंब आहे. आजी पहाटे त्यात चिपाडं आणि शेणी घालते, आणि कढत पाणी बादलीत काढलं की हाक मारते: ‘इसाण घेऊन ये गं.’ विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. शहरातल्या मुलांना हा शब्द माहीत नसेल, गीझरला विसण लागत नाही. तर हौदाच्या कडेला मला एक गार पाण्याचा नळ दिसला. आणि माझ्या हाताने, डोक्याला काही न विचारता, तो सोडला.

मागून एक हात आला आणि नळ बंद झाला. निळ्या टोपलीवाल्या आजी. (नेहमीच्या बायका आपापलं साबण-शाम्पू टोपल्यांत आणतात, मला अजून त्यांची नावं माहीत नाहीत, टोपल्या माहीत आहेत.) म्हणाल्या, ‘उमेच्या दामे.’ मला ‘दामे’ कळलं, म्हणजे नाही, चालणार नाही. ‘उमे’ काय ते कळेना. खोलीवर येऊन शब्दकोश काढला. ‘उमेरु’: आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी घालून ते सोसवेल असं करणे. मी पलंगावर बसून मोठ्याने हसले. तीन वर्षं आम्ही जपानी शिकलो ते इंग्रजीवरून, आणि या शब्दापाशी शब्दकोशाने इंग्रजीत अख्खं वाक्य खर्ची घातलं होतं. मी वहीत लिहिलं: उमेरु = विसण घालणे. संपलं. दोन भाषा थेट मोरीत भेटल्या.

पण अर्थ कळला तरी नियम तोच राहिला. हौद सगळ्यांचा, आणि नेहमीच्या बायकांना पाणी चटका देणारंच लागतं. विसण हवं असेल तर आधी विचारायचं, आणि खरं सांगायचं तर विचारायचंही नाही. शेजारचा उथळ हौद थोडा कमी गरम असतो, नवख्यांनी तिथे जावं. मी पहिले दोन आठवडे तिथेच बसले, एका तीन वर्षांच्या मुलीबरोबर. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या हौदात उतरले. युक्ती अशी की उतरल्यावर हलायचं नाही. हललं की भाजतं. गळ्यापर्यंत स्तब्ध बसलं की मिनिटाभराने अंग पाण्याशी तह करतं. त्या दिवशी निळ्या टोपलीवाल्या आजींनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘कुठून आलीस?’ टोकियोत कुणीतरी, मशीन सोडून, मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

तेव्हापासून बोलणं सुरू झालं, आणि ते फक्त पाण्यात. एक बाई मला रस्त्यात भाजीच्या दुकानाशी भेटतात तेव्हा नुसती मान झुकवतात, अनोळखी असल्यासारखी. संध्याकाळी पाण्यात बसलं की मुलाचा घटस्फोट, पेन्शन, मुळ्याचा भाव, सगळं. बाहेर मास्क आणि आत हे. कपड्यांबरोबर आणखी काय काय त्या टोपलीत काढून ठेवतात कोण जाणे. बायका-पुरुषांच्या मधली भिंत वर उघडी आहे, छतापर्यंत जात नाही. पलीकडून एखादे आजोबा ओरडतात, ‘ए, मी निघतो!’ आणि इकडून आजी, ‘पाच मिनिटं!’ एकदा तर पलीकडून साबणाची वडी भिंतीवरून आली. नेम उत्तम होता, सवयीचा.

निघताना बायका ‘ओसाकिनि’ म्हणतात, म्हणजे ‘तुमच्या आधी जाते’. मी त्यांना सांगितलं की आम्ही घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. यावर हौदात बराच वेळ चर्चा झाली. जाताना ‘येते’ म्हणणं खोटं बोलणं नाही का, असा एकीचा मुद्दा होता.

दिवाळीचं सांगायलाच हवं. 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. माझ्याकडे आईने दिलेलं उटणं होतं, मोती साबण होता; तेल नव्हतं. सुपरमार्केटातून तिळाचं तेल आणलं. इथलं साधं तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, गडद, खमंग. खोलीवर अंगाला चोळलं आणि वास आला तो थेट कराडच्या बसस्टँडसमोरच्या चायनीजच्या गाडीचा. पुसता येईना, ठेवता येईना. कारीट कुठलं मिळणार, एक हिरवट लहान संत्रं गॅलरीत डाव्या पायाच्या टाचेखाली फोडलं. ‘गोविंदा’ हळूच म्हटलं, शेजारच्या खोलीतल्या फिनलंडच्या मुलीची परीक्षा होती. मग नरकासुर पुसून घेतला आणि जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत भरला. ती पिशवी नेतात आठवड्यातून दोनदा, तोवर तो खोलीतच होता.

पहाटे अभ्यंगस्नान करावं तर सेंतो उघडते दुपारी साडेतीनला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, सूर्य उगवल्यावर आंघोळ करणारा नरकात जातो. मी म्हटलं, तुमच्याकडचा सूर्य चार तास उशिरा उगवतो, काहीतरी सूट धरा. ती म्हणाली, तुझ्या आजीला विचारते. आजीचं उत्तर आलं, ‘तेल तरी नीट लाव म्हणावं.’

तेल हौदात जाऊ नये म्हणून मी आधी शॉवरच्या डबीत दोन नाणी घातली, चौदा मिनिटं, आणि अंगावरची चायनीजची गाडी धुऊन काढली. मग सेंतोत जाऊन नळाशी बसून उटणं लावलं. वास पसरला तशी एक एक टोपली जवळ सरकली. मोती साबण हातोहात फिरला. निळ्या टोपलीवाल्या आजींनी हुंगला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘बुत्सुदान.’ म्हणजे घरातलं वाडवडिलांचं देवघर. चंदन इथे उदबत्तीत असतं, त्यामुळे त्यांना तो वास गेलेल्या माणसांचा. मला दिवाळीचा. आम्ही दोघी एकाच साबणाकडे वेगवेगळ्या तोंडाने बघत होतो. त्याच संध्याकाळी माझ्या वर्गातली मुलं हॅलोविन बघायला शिबुयाला गेली होती, ‘येऊ नका’ अशी तिथल्या महापौरांची विनंती असतानाही, आणि हाचिको कुत्र्याचा पुतळासुद्धा झाकलेला बघून परत आली.

तक्रारी. पहिली आणि मोठी: बानदाई. त्या चौथऱ्यावर बसलेल्या माणसाला कपडे बदलायच्या दोन्ही खोल्या दिसतात. रोज तिथे मालकीणबाई असतात. नोव्हेंबरात एका गुरुवारी पडदा बाजूला केला तर तिथे काका. टीव्हीवर सुमो बघत होते, माझ्याकडे बघतही नव्हते, आणि खोलीतल्या चार बायका निवांत पंख्याखाली उभ्या. मी विसरल्यासारखं कपाळावर हात मारला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना कळलं होतंच. म्हणाल्या, चाळीस वर्षं बसतात, त्यांना काही दिसत नाही. असेल. मी आता बाहेरूनच पडद्याखालून चपला बघते: चौथऱ्याशेजारी गुलाबी असल्या तर आत. नव्या सेंतोंत हा प्रकार नाही, पैसे बाहेरच घेतात. ज्यांना नको असेल त्यांनी तिकडे जावं.

दुसरी: एका कोपऱ्यात ‘देंकी-बुरो’ आहे, विजेचा हौद. पाण्यात खरोखर थोडा करंट सोडतात, स्नायू मोकळे होतात म्हणे. पाटी आहे, पण फुजीच्या सावलीत, वाफेत. मला दिसली नाही. मी बसले आणि माझा डावा गुडघा आपला आपण नाचला. हृदयाचा आजार असेल, पेसमेकर असेल तर अजिबात जाऊ नका. नसेल तरी मी म्हणेन जाऊ नका, पण मंगळवारी तिथे रांग असते.

पाळीच्या दिवसांत जायचं नाही, हे कुठे ठळक लिहिलेलं नसतं तरी सगळ्यांना माहीत असतं. आजीच्या घरी चार दिवस देवघर बंद, इथे हौद बंद. इथलं कारण निदान पाण्याचं आहे, ते पटतं. त्या दिवसांत पुन्हा सात मिनिटांची डबी. साबण-शाम्पू फुकट मिळत नाही, आपलं न्यावं. केस वाळवायच्या मशीनला 20 येन, आणि ती माझ्या केसांना तीनदा लागतात. दूध मात्र काचेच्या बाटलीतलं कॉफीचं प्यावं, गार, उभ्या उभ्या. इथे सगळे तसंच पितात, एक हात कमरेवर.

चिमणीचं राहिलं. एकदा गल्ली चुकून मी मागच्या बाजूला निघाले. तिथे पत्र्याच्या शेडखाली लाकूड रचलेलं: दारं, खिडक्यांच्या चौकटी, तासलेल्या तुळया. शेजारच्या वस्तीत जुनी घरं पाडतात, त्यांचं लाकूड काका घेऊन येतात आणि भट्टीत घालतात. बहुतेक ठिकाणी आता गॅस आहे, काही जुन्या सेंतो अजून लाकडावर चालतात. एका चौकटीवर पेन्सिलीने रेघा होत्या, मुलाची उंची मोजल्याच्या, प्रत्येक रेघेशेजारी वर्ष. मी काकांना विचारलं, हीसुद्धा? ते म्हणाले, ही सगळ्यांत शेवटी. महिनाभराने गेले तेव्हा ती अजून तिथेच होती, भिंतीला टेकवून, बाकीचा ढीग बदलला होता.

21-22 डिसेंबरच्या सुमाराला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, हौदात युझू सोडतात. जाळीच्या पिशव्यांत भरलेली पिवळी, लिंबासारखी फळं, पाण्यावर तरंगतात. तिकीट तेच. त्या दिवशी गर्दी एवढी की मी तीन नंबरला बाहेर बाकावर बसले होते, आणि आत गेल्यावर हौदात जागा करून देताना निळ्या टोपलीवाल्या आजींनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काही न बोलता हात मागे नेऊन गार पाण्याचा नळ सोडला. अर्धा मिनिट. कुणीतरी ‘अहो’ म्हणालं. त्यांनी बंद केला.

त्यांची भाची जपानातल्याच कोची प्रांतात राहते, तिकडे युझूच्या बागा आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाच युझू कागदात गुंडाळून दिल्या. साल जाड, रस चमचाभर, बिया मात्र मूठभर. मी लोणचं घातलं: मीठ, तिखट, हिंग, घरून आणलेली मोहरीची डाळ. इथलं डिसेंबरचं ऊन कोरडं, स्वच्छ असतं. गॅलरीत आठ दिवस बरणी ठेवली. जॅमच्या बाटलीत भरून त्यांना नेऊन दिलं.

त्यांचा रिव्ह्यू जानेवारीत, हौदात आला. वास चांगला. तिखट जिभेला नाही, कानांना लागतं. तांदळाच्या पेजेबरोबर बरं. मीठ फार, पुढच्या वर्षी कमी घाल. मी फेब्रुवारीत परत जातेय हे त्यांना सांगून झालंय, दोनदा.